मापातला संशय

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात, ईडे बेटालगत, 'फॉल ऑफ वॉर्नेस' ही चिंचोळी सामुद्रधुनी आहे. उधाणाच्या दिवसांत तेथील पाणी सेकंदाला जवळजवळ ४ मीटर वेगाने धावते. २००३ साली स्थापन झालेल्या 'युरोपियन मरीन एनर्जी सेंटर'ने भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालणाऱ्या टर्बाइनांच्या परीक्षेसाठी हीच जागा निवडली. परीक्षा वरकरणी सोपी : पात्यांच्या कक्षेतून जाणाऱ्या पाण्यात शक्ती किती होती आणि यंत्राने वीज किती दिली, एवढाच हिशेब. विजेचे माप चोख मिळते. प्रश्न आहे तो पाण्याचा.

प्रवाहाची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेगाच्या मापनात २ टक्के अनिश्चितता असली, की शक्तीत ती सुमारे ६ टक्के होते. मग ज्याची कार्यक्षमता ४० टक्के म्हणून नोंदली गेली, ते यंत्र साडेसदतीस ते साडेबेचाळीस यांच्या दरम्यान कोठेही असू शकते; आणि ४२ टक्क्यांचा दावा सांगणारे दुसरे यंत्र त्याहून सरस आहे, असा निवाडा देण्याचा अधिकार परीक्षकाला उरत नाही. भांडवल मागणारा नेमके याच दोन टक्क्यांवर बोट ठेवतो.

वेग मोजणारे उपकरण बहुधा समुद्रतळावर बसून ध्वनिलहरी वर सोडते. पाण्यातील सूक्ष्म कणांवरून त्या परततात आणि त्यांच्या बदललेल्या वारंवारितेवरून वेग काढला जातो. म्हणजे मोजला जातो तो कणांचा वेग. पाणी त्यांच्याच गतीने चालले आहे, हे मानून घ्यायचे. शिवाय लहरींचे झोत वर जाताना एकमेकांपासून फाकतात, आणि त्या सगळ्या ठिकाणी प्रवाह सारखाच आहे हेही गृहीत धरावे लागते. भोवऱ्यांनी खदखदणाऱ्या सामुद्रधुनीत हे धाडसच. उपकरण यंत्राजवळ नेले तर यंत्राने अडवलेले पाणी मोजले जाते. दूर ठेवले तर मोजलेले पाणी आणि पात्यांवर आलेले पाणी एक राहत नाही.

'मापात पाप' हा शब्दप्रयोग मराठी माणसाने तराजूपुरता ठेवला. येथे पाप आहे ते संशय लपवण्यात. १९९३ साली आयएसओने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेने 'चूक' आणि 'अनिश्चितता' यांतील भेद काटेकोरपणे मांडला, तो म्हणूनच मोलाचा. वारंवार मोजल्याने विखुरलेपण सरासरीत विरते. उपकरणच एका बाजूला झुकत असेल, तर हजार नोंदींनंतरही ते झुकणे कायम राहते. (एका सदोष पोथीच्या नकला वाढल्या म्हणून पाठ शुद्ध होत नाही, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.)

भांगाच्या दिवसांत तर हा संशय अधिकच बळावतो. सेकंदाला ३ मीटर वाहणाऱ्या पाण्यात ०.०५ मीटरची शंका दोन टक्क्यांच्याही आत राहते. वेग १ मीटरवर उतरला, की तेवढीच शंका वेगात ५ आणि शक्तीत १५ टक्के होते.