पात्रता

लातूरच्या क्रीडा संकुलात पहाटे पाच वाजता जो कोणी धावतो, तो कशाची तरी पात्रता मिळवण्यासाठीच धावतो, असा तिथला अलिखित समज आहे. आणि तो चुकीचा नाही. हे शहरच पात्रतेवर जगणारे. दहावी-बारावीच्या 'लातूर पॅटर्न'ने त्याला नाव दिले, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांनी त्याला बाजारपेठ दिली, आणि ज्यांना त्या शिकवण्या परवडत नाहीत त्यांच्यासाठी मैदान आहेच. पोलीस भरतीत मैदानी चाचणीचे गुण पन्नास. त्यांपैकी वीस मुलांना सोळाशे मीटरचे. मुलींना आठशे मीटर. त्या वीस गुणांसाठी अंधारात चाललेली पावले आम्ही कित्येक वर्षे नुसती ऐकत होतो, कारण आमची फेरी त्यांच्यानंतर, उजाडल्यावर, आणि चालण्याची असे.

पुढे चालण्याचे धावणे झाले आणि आमची वेळही पाचची झाली. वय त्रेचाळीस, पोट वयाला साजेसे. कंधार तालुक्यातला, भरतीच्या तयारीसाठी लातुरात खोली करून राहिलेला एक मुलगा एके दिवशी शेजारून धावत येऊन विचारता झाला, "सर, तुमची कुठली भरती?" आम्ही म्हणालो, लडाखची. त्याला वाटले, सैन्य.

वस्तुस्थिती अशी की लेहमध्ये 2012 पासून मॅरेथॉन होते, आणि तिच्याच जोडीने 'खारदुंग ला चॅलेंज' नावाची 72 किलोमीटरची शर्यत भरते. खारदुंग गावातून पहाटे तीनला निघायचे, सुमारे बत्तीस किलोमीटर चढत 5300 मीटरांहून उंच अशा खारदुंग ला खिंडीत पोहोचायचे, आणि तिथून उरलेले अंतर लेहपर्यंत उतरायचे. मुदत चौदा तासांची. नुसती फी भरून तिथे उभे राहता येत नाही. आधी पूर्ण मॅरेथॉन किंवा त्याहून लांबची शर्यत पुरी केल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि शर्यतीच्या बरेच दिवस आधी लेहला जाऊन तिथल्या हवेशी जुळवून घ्यावे लागते. आम्ही ज्या गावात राहतो ते बालाघाटच्या पठारावर पाच-सहाशे मीटरांवर आहे, आणि आमचे जन्मगाव नांदेड गोदाकाठी, त्याच्याही खाली. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. म्हणजे महाराष्ट्राचे छप्पर त्या शर्यतीच्या प्रारंभरेषेच्या निम्म्याही उंचीचे नाही. सपाटीवरच्या माणसाने असल्या गोष्टींच्या वाटेला जाऊ नये, असे आमच्या घरातले एकमत होते. मत देण्याचा अधिकार आम्हाला नव्हता.

हवा विरळ होते म्हणजे काय होते, हे आम्ही आधी पुस्तकातून शिकलो. प्राणवायूचे प्रमाण तेच, शेकडा एकवीस. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश उरतो, खिंडीत निम्म्याच्या आसपास. प्रत्येक श्वासाला फुफ्फुसात उतरणारा प्राणवायू त्या हिशेबाने घटतो. शरीर आधी श्वास वाढवते, मग मूत्रावाटे रक्तातली समतोलाची व्यवस्था बदलते, आणि काही आठवड्यांनी तांबड्या पेशी वाढवते. यातले काहीही लातुरात बसून होत नाही. आणि जो घाई करतो त्याच्या फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू शकते. तिथे मग औषध एकच खरे, खाली उतरणे. भरपूर तयारी केलेला तरुण धावपटूही त्यातून सुटत नाही, उलट दमखमाच्या जोरावर तो अधिक वेगाने वर जातो आणि आधी सापडतो, हे वाचून आम्हाला, खोटे कशाला सांगा, थोडे बरे वाटले होते.

चढ मात्र शोधता येतो. रविवारी आम्ही उदगीरजवळच्या हत्तीबेटावर जायचो, कधी चाकूर तालुक्यातल्या वडवळच्या नागनाथ बेटावर. इकडे एकट्या उंचवट्याला बेट म्हणतात, आणि नाव सार्थ आहे. भोवती सपाट शेतांचा समुद्र आणि मध्ये एवढीशी टेकडी. तिच्यावर चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. गुराखी पहिल्या दोन खेपांना हसत. तिसऱ्या खेपेपासून त्यांना काळजी वाटू लागे. नांदेडला गेलो की माहूर. रेणुकेच्या पायऱ्यांवर आम्हाला चार-चारदा पाहून एका आजीबाईंनी विचारले होते, "कशाचा नवस हाय रे बाबा?" आम्ही काय सांगणार.

पहिली मुंबई मॅरेथॉन आम्ही 2023 च्या जानेवारीत केली. शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा तो चढ, जो आमच्या हत्तीबेटापुढे काहीच नव्हे, तिथे दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि आम्ही दुभाजकाला धरून उभे राहिलो. पुरी केली, पण ती वेळ कुणाला दाखवावी अशी आम्हालाच वाटली नाही. परतीच्या गाडीत सगळी रात्र आम्ही ठरवत होतो की हे आता पुरे.

त्या मुलाने ते ऐकले आणि फक्त एवढेच म्हणाला, "सर, तुम्ही पहिल्या चकरात लई पळता." मैदानावर चारशे मीटरच्या चार चकरा मारणाऱ्याला जे रोज कळते ते बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्याला कळले नव्हते. मग वर्षभर तो मंगळवारी आमचा वेग धरी. स्वतःच्या सरावानंतर, मेसचा डबा यायच्या आधी. आम्ही त्याला बूट घेऊन दिले, तेव्हा त्याने ते खोलीत ठेवले आणि जुनेच घालून येऊ लागला. नवे ग्राउंडच्या दिवशी, म्हणाला.

इथे आमच्या मनातली एक अडचण नोंदवली पाहिजे. त्याच्या सोळाशे मीटरला त्याच्या घराची शेती, धाकट्या बहिणीचे शिक्षण, आणि दर वर्षी जवळ येणारी वयोमर्यादा लटकलेली होती. आमच्या बहात्तर किलोमीटरला काय लटकले होते? विमानाचे तिकीट. 2016 च्या उन्हाळ्यात याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा टँकरपुढे घागरी घेऊन धावणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. त्या शहरात छंद म्हणून घाम गाळणे ही चैनच. हे आम्ही त्याला एकदा बोललो. त्याला तो प्रश्नच समजला नाही. "पळायला आवडतं म्हणून पळता ना, सर?" त्याने विचारले, आणि त्याच्या सुरात हेवा नव्हता, कुतूहल होते, आवडते म्हणून पळणारा माणूस त्याने बहुधा पहिल्यांदाच जवळून पाहिला असावा.

आमच्या दोघांत एक माणूस सामाईक होता. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे अविनाश साबळेचे गाव. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला, आणि तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये बरेच उशिरा, 2017 च्या सुमारास उतरला. 2019 साली दोह्याच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूंमुळे त्याला अडथळा झाला. भारताने दाद मागितली तेव्हा अंतिम फेरीत जागा मिळाली. त्या फेरीत तो तेरावा आला. पण वेळ होती 8 मिनिटे 21.37 सेकंद, आणि ऑलिंपिकची पात्रता 8 मिनिटे 22 सेकंद. पदक नाही, तेरावा क्रमांक, आणि तरी आयुष्य बदलले ते त्या त्रेसष्ट शतांश सेकंदांनी. मुलाला हे आकडे पाठ होते. इतिहासाच्या सनावळ्या मात्र राहत नसत, आणि लेखी परीक्षेत त्याच विचारतात.

2024 च्या जानेवारीत आम्ही मुंबईला पुन्हा उभे राहिलो. पहिली चक्कर हळू. पेडर रोडवर चाललो नाही. चार तास अकरा मिनिटे. त्या कागदाची प्रत अर्जाला जोडली, हृदयाची तपासणी करून घेतली (डॉक्टरांनी आलेख पाहून सही केली आणि मग चष्म्यावरून विचारले, "पण कशासाठी?"), आणि काही दिवसांनी नाव नक्की झाल्याचे कळले. मुलाने ती ओळ दोनदा वाचली. त्याचे ग्राउंड जूनमध्ये झाले, पावसाने एकदा पुढे ढकलून. नव्या बुटांत तो चांगला धावला. लेखी परीक्षेत दोन गुणांनी राहिला.

आठ ऑगस्टच्या रात्री एक वाजता आम्ही दोघे आमच्या दिवाणखान्यात पॅरिसची अंतिम फेरी पाहत बसलो होतो. साबळे अकरावा आला. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून चपला घालताना म्हणाला, फायनलला तर गेला.

आम्ही ऑगस्टच्या अखेरीस लेहला पोहोचलो. पहिले दोन दिवस डोके ठणकत होते. तिसऱ्या दिवशी बाजारापर्यंत चालून आलो. लेहलाही पाऊस जवळजवळ नसतो, डोंगर उघडे आणि तपकिरी, आणि खोऱ्यातली हिरवी पट्टी वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर जगलेली. मराठवाड्याच्या माणसाला ते फार परके वाटत नाही. सप्टेंबरच्या आरंभी मुलाचा फोन आला. तिकडे नांदेड-परभणीकडे पावसाने थैमान घातले होते, त्याच्या शेतात सोयाबीन पाण्याखाली होते, तो गावीच अडकला होता. रस्ता बंद म्हणून बांधावर सराव करतो आहे, म्हणाला. मग विचारले, तुमचे कसे?

आम्ही खरे ते सांगितले. उतारूगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर जाताना अजून दम लागतो.

"मग सर, तुमचं ग्राउंड अजून बाकीच आहे की," तो म्हणाला, आणि तिकडे कुणी हाक मारली म्हणून फोन ठेवला.