सांदवाडीतली मंडळी

पक्षी पाहायचे म्हणजे दुर्बीण, गाडी आणि अभयारण्य असा पुष्कळांचा समज आहे. सकाळी डबा घेऊन कामावर जाणाऱ्या माणसाला हा शौक परवडायचा कसा? आमचे सांगणे एवढेच, की त्यासाठी कुठे जावे लागत नाही. घरामागे चार हात मोकळी माती आणि एक पसरट भांडे असले तरी पुरे.

आम्ही उभयता मुलगा, सून आणि नातीसह नागपूरच्या एका वस्तीत राहतो. घरामागच्या जागेला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. तिथे एक शेवगा, एक जास्वंद आणि कुंपणाशी कडुलिंब आहे. एवढ्याशा जागेत गेल्या वर्षभरात आम्ही २१ जातींचे पक्षी मोजले.

पक्ष्यांना बोलवायचे तर सुरुवात पाण्यापासून करावी. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा दाण्यापेक्षा पाण्याची गरज मोठी. मातीचे पसरट परळ घ्यावे. पाणी दोन बोटांहून खोल नको. मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पाखराला पाय टेकता येतात. परळ सावलीत ठेवावे, पण झुडपाला अगदी खेटून नको; तिथे मांजर दबा धरते. रोज सकाळी ते घासून ताजे पाणी भरावे, नाहीतर डासांच्या अळ्या होतात आणि डेंग्यू घरात येतो. हे काम आमच्या नातीकडे आहे आणि ती ते कुणाला करू देत नाही.

२० मार्चला जगभर चिमणी दिन पाळतात. ही प्रथा २०१० पासूनची. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यामुळे आपल्या घरांत ही तारीख आधीपासूनच पाण्याची आहे. आम्ही त्याच दिवशी परळ बाहेर मांडतो.

दोन वर्षांपूर्वी मात्र सांदवाडीवरच पाळी आली. मुलाने तिथे फरशी टाकायचे ठरवले. त्याचे म्हणणे वावगे नव्हते. पावसाळ्यात चिखल घरात येतो, स्कूटर ठेवायला जागा नाही, कपडे वाळत घालताना पाय भरतात. आठवडाभर घरात बोलाचाली चालली. एके रात्री जेवताना सूनबाई म्हणाली, "बाबा, सारी माती झाकली तर चिमणी पिलांना काय भरवेल?" प्रश्न खरा होता. मोठी चिमणी दाणे खाते, पण तिच्या पिलांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच लागतात. ते माती आणि झाडाझुडपांतच मिळतात. शिवाय चिमण्या धुळीत अंघोळ करतात. पिसांतल्या उवा त्याने कमी होतात. शेवटी अर्ध्या जागेवर फरशी आली, अर्धी माती राहिली. मुलानेच मग उरलेल्या फळ्यांची एक पेटी ठोकली.

ती पेटीही गरजेचीच होती. कौले जाऊन स्लॅब आले, भिंतींना गिलावा झाला, तशी चिमणीला घरटे करायला फट उरली नाही. पेटीला सव्वा इंचाचे भोक पाडावे आणि ती आठ-दहा फुटांवर, दुपारचे ऊन लागणार नाही अशी टांगावी. भोकाखाली बसायची काडी लावू नये. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र सोय होते. आमच्या पेटीत दुसऱ्या वर्षी जोडपे आले. साधारण बारा दिवसांत अंड्यांतून पिले निघाली आणि पुढे पंधरवड्याने उडाली. त्या दिवशी मुलगा कामावर उशिरा गेला!

सकाळी चहा घेताना काय काय दिसते म्हणून सांगावे? शेवगा फुलला की शिंजीर येतो. जास्वंदीची मोठी पाने शिवून शिंपी घरटे करतो. मार्चपासून पहाटे दयाळ गाऊ लागतो. थंडीत शेपूट थरथरवणारा थिरथिरा हिमालयाकडून पाहुणा येतो. सातभाईंची टोळी पालापाचोळा उलटत कलकलाट करते. त्यांचे घरटे एका जोडप्याचे असते, पण पिलांना भरवायला बाकीचेही धावतात. आपल्या वस्तीची रीत याहून वेगळी कुठे आहे?

दाणे टाकायचे तर बाजरी किंवा तांदळाची कणी टाकावी. फरसाण, खारे-तळलेले नको. घरट्याबाहेर पडलेले, पिसे आलेले पिलू लगेच घरात आणू नये. आईबाप जवळच असतात. पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर तो झाडांवर लोंबतोच. पोरांना हाताशी घेऊन तो काढून टाकावा.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवशी सुरू होतो, डॉ. सलीम अलींच्या जन्मदिवशी संपतो. लहानपणी एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीविषयी प्रश्न पडला आणि सलीम अलींचा आयुष्यभराचा मार्ग ठरला. आपल्याही मुलांना असे प्रश्न पडू द्या. एक जुनी वही द्या, दिसलेल्या पक्ष्याचे नाव आणि तारीख लिहायला सांगा. घराला फरशी जरूर घाला, पण हातभर माती उघडी ठेवा.