हौद भरावा कशाने?

घरी पोहण्याचा हौद बांधावयाचा म्हटले की माणसे गवंडी, लाद्या, पंप आणि खर्च यांचा विचार करू लागतात. तो भरावयाचा कशाने, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी निघतो. आमच्या घरी मात्र खड्डा खणला जात असतानाच तो निघाला आणि माघापासून वैशाखापर्यंत त्याने सारे घर ढवळून काढले. त्या चर्चेतून जे हाती लागले ते आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या घरे करून राहिलेल्या वाचकांस उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हे लिहीत आहोत.

आमचे घर बऱ्हाणपुरास कित्येक पिढ्यांचे. घरात आम्ही नदीला तापी म्हणतो, बाजारात गेलो की ताप्ती म्हणतो. नदी दोन्ही हाकांना ओ देते. परंतु या नदीकाठी राहूनही आमच्या घरात कोणासही पोहता येत नाही. आमचे एक चुलते तरुणपणी तापीच्या डोहात गेले, ते परत आले नाहीत. त्या दिवसापासून आजीने मुलांना घाटाच्या शेवटच्या पायरीखाली उतरू दिले नाही. पुढे तोच दंडक मातोश्रींनी चालविला. तेव्हा धाकट्या बंधूंनी केळीच्या मळ्यात, शेतघरापाशी लहानसा हौद बांधण्याचे मनात आणले ते काही श्रीमंतीचा थाट म्हणून नव्हे. नातवंडांनी तरी पाण्याला भिऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. मातोश्रींनीही, "हौदाला भोवरा नसतो," असे म्हणून संमती दिली.

हौद 20 फूट लांब, 10 फूट रुंद आणि सरासरी 4 फूट खोल. म्हणजे 800 घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटरांहून थोडे अधिक पाणी मावते, तेव्हा एकूण साडेबावीस हजार लिटर झाले. आकडा ऐकून सूनबाईंनी पहिला प्रश्न केला, "एवढे आणायचे कोठून?"

नळाचा विचार प्रथम झाला आणि प्रथमच बाजूस पडला. बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या प्रत्येक गावात घरोघरी नळ पोहोचल्याचे जुलै 2022 मध्ये जाहीर झाले. असे प्रमाणित होणारा हा देशातील पहिला जिल्हा. त्या योजनेत माणशी दररोज 55 लिटर पाणी धरलेले आहे. त्या मापाने पाच माणसांच्या घराचे ब्याऐंशी दिवसांचे पाणी आमचा हौद एका दमात पिणार होता. ज्या नळासाठी खेड्यांतील बायाबापड्यांनी इतकी वर्षे वाट पाहिली, त्याला रबरी नळी लावून आपण डुंबावे, हे कोणाच्याच मनास येईना.

मग टँकर. पाच हजार लिटरांच्या पाच खेपा केल्या की काम संपले. पैसे मोजले की प्रश्न मिटला, असे पुतण्याचे म्हणणे. परंतु टँकर म्हणजे पाण्याचा उगम नव्हे, ती पाण्याची गाडी. टँकरवाल्यास विचारता त्याने सहज सांगितले की पाणी अमक्याच्या बोअरचे. म्हणजे आपल्या जमिनीतले न काढता दुसऱ्याच्या जमिनीतले काढावयाचे, आणि वर डिझेल जाळावयाचे, एवढाच काय तो फरक.

राहिली घरची विहीर. तिचे पाणी आपले, पंप आपला, वीजही आपली. बंधूंचा कल तिकडेच होता. मुले मे महिन्याच्या सुट्टीत यावयाची, तेव्हा वैशाखाच्या आरंभी दोन रात्री पंप चालवून हौद भरावा, असे जवळजवळ ठरलेही. तशात एके सायंकाळी बांधापलीकडचे शेजारी आले. चहा झाला, केळीच्या भावाची बोलणी झाली, आणि उठता उठता ते म्हणाले, "भाऊ, वैशाखात मुलीचे लग्न आहे. मांडवाला पाणी आमच्याच विहिरीचे. तेवढे आठ दिवस तुमचा मोठा पंप थांबेल का?" दोन्ही विहिरींचा झरा एकच. आमचा पंप तासभर अधिक चालला की त्यांच्या विहिरीत कातळ दिसू लागतो, हे दोन्ही घरांस ठाऊक आहे. त्यांनी हौदाचे नावही काढले नाही. परंतु खड्डा त्यांच्या बांधावरून स्वच्छ दिसत होता.

ते गेल्यावर बंधू काहीसे चिडून बोलले, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. ऐन उन्हाळ्यात केळीच्या एका झाडाला ठिबकानेसुद्धा दिवसास पंधरा ते वीस लिटर पाणी लागते. म्हणजे अख्खा हौद भरला तरी तो साडेबाराशे केळींची एका दिवसाची तहान. "मळा रोज पितो त्याचे काही नाही, आणि मुलांनी एकदा डुंबावे तर ते पाप?" हा त्यांचा प्रश्न. आम्ही त्यावर बराच विचार केला. आकड्याच्या दृष्टीने हौद खरोखरीच लहान होता. परंतु विहिरीचा हिशेब वर्षाच्या बेरजेने होत नाही. आज रात्री किती उपसले आणि उद्या सकाळी किती झरले, यावर तो होतो. तेच साडेबावीस हजार लिटर भाद्रपदात काढले तर विहिरीला कळणारही नाही, वैशाखात काढले तर शेजाऱ्याच्या मांडवात घागरी रित्या राहतील. प्रश्न "किती" याचा नव्हता, "केव्हा" याचा होता.

हे आम्हांस सुचले त्याचे श्रेय आमच्या गावालाच दिले पाहिजे. बऱ्हाणपुरास हौद भरण्याचा प्रश्न नवा नाही. शाही किल्ल्यातील हमाम आजही पाहावयास मिळतो. मुमताजमहल 1631 साली याच गावी निवर्तली, तेव्हा तो सारा दरबार येथे पाण्याच्या थाटात राहत होता. किल्ल्याच्या तटाखालून तापी वाहते, तरीही गावाचे पाणी केवळ नदीवर सोपविलेले नव्हते. नदी खाली, वस्ती वर. शिवाय पावसाळ्यात नदी गढूळ आणि युद्धात बेभरवशाची. जहांगीराच्या कारकिर्दीत, अब्दुर्रहीम खानखानान येथे सुभेदार असताना, तब्कुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने 1615 च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याचे भूगर्भ हेरले आणि डोंगरातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने गावाकडे वळविले. तोच कुंडी भंडारा. कोणी त्याला खुनी भंडाराही म्हणतात. हवा खेळावी आणि गाळ काढता यावा म्हणून ठराविक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या बांधल्या, त्या शंभराहून अधिक. 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचे नाव आले.

या व्यवस्थेत पंप नाही, मोट नाही, रहाट नाही. बोगद्याला बेताचा उतार दिलेला. पाणी आपल्या पायांनी चालत येते. परंतु आम्हांस तिचा खरा गुण निराळाच वाटतो. भंडारा जमिनीपाशी मागत नाही, जमीन देईल तेवढेच घेतो. पाऊस कमी झाला की धार बारीक होते आणि गावाला आपोआप समज मिळते. बोअरचे तसे नाही. तो शेवटच्या थेंबापर्यंत सारख्याच जोराने ओढतो आणि मग एके दिवशी अकस्मात हवा ओकतो. आडात किती आहे हे पोहऱ्याला कळले पाहिजे. बोअरला ते कळत नाही, म्हणून ते माणसाला कळावे लागते. तापीच्या खोऱ्यात जमिनीत पाणी मुरविण्याच्या मोठ्या योजनेसाठी 10 मे 2025 रोजी भोपाळ येथे मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी करार केला. उपशापेक्षा मुरवणीचा विचार आता सरकारासही करावा लागत आहे. मग घरच्या हौदाने तो का करू नये?

निर्णय झाला तो असा. शेतघराचे छप्पर सुमारे एक हजार चौरस फूट. त्यावर एक इंच पाऊस झाला की तेवीसशे लिटर पाणी पडते. पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी अशा बारा सरींत हौद भरतो. पहिल्या पावसाचे पाणी धूळ-पाचोळ्यासह बाहेर सोडावे, पुढचे जाळी व वाळूतून गाळून हौदात घ्यावे. निव्वळ पावसाचे पाणी मृदू असते, ते सिमेंटचा गिलावा हळूहळू खाते. विहिरीचे जड असते, त्याने चुन्याचा थर चढतो. म्हणून तीन भाग पावसाचे आणि एक भाग विहिरीचे, तेही भाद्रपदात, विहीर काठोकाठ असताना घ्यावे. भरलेले पाणी टाकून देऊ नये. गाळणयंत्र चालवावे, क्लोरीन लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम ठेवावे. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडाले तरी दीडशे लिटर जातात, दोन महिन्यांत नऊ हजार. म्हणून वापर नसेल तेव्हा हौदावर ताडपत्री. आणि कधी रिकामा करावयाचाच झाला तर दोनचार दिवस क्लोरीन न घालता, उन्हात ठेवून, ते पाणी केळीला द्यावे.

याची किंमत द्यावी लागली ती मुलांना. त्या मे महिन्यात ती आली तेव्हा हौद कोरडा होता. निळ्या लाद्यांवर त्यांनी क्रिकेट खेळून घेतले, परंतु धाकट्या नातीचे तोंड चार दिवस उतरलेले होते. बांधापलीकडचे लग्न मात्र व्यवस्थित पार पडले. आमचा पंप त्या आठवड्यात केवळ केळीपुरता चालला. आषाढात पन्हळीतून पहिली धार हौदात पडली, आणि गणपतीपर्यंत तो गळ्याशी आला. दिवाळीत गार पाण्याने दात वाजत असतानाही नातवंडे पाठीला वाळके भोपळे बांधून उतरली. भोपळे मातोश्रींनीच मळ्यात वेलावर वाढवून ठेवले होते. त्या स्वतः काठावर खुर्ची टाकून बसल्या आणि शेवटचे मूल बाहेर येईपर्यंत उठल्या नाहीत.

आता वाचकांपैकी कोणी अंगणात हौद काढीत असतील तर त्यांस एवढेच सांगणे. लाद्यांचा रंग मागाहून ठरवावा. आधी आपल्या विहिरीचा झरा आणखी कोणाच्या विहिरीत जातो ते पाहावे, आणि त्या घरी जाऊन चहा घ्यावा.