दातांची चहाडी

शरीराच्या बाकीच्या अवयवांना अब्रूची चाड असते. यकृत बिघडले तरी महिनोन्‌महिने घरची गोष्ट घरातच ठेवते. दात मात्र चहाडखोर. ते स्वतःचे गाऱ्हाणे तर सांगतातच, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भानगडीही बाहेर काढतात.

आमच्या मावशीचेच घ्या. दोन वर्षे तिचे अंग दुखत होते, आणि हा आमच्या नातेवाइकांत करमणुकीचा विषय होता. "पाहुणे यायचे म्हटले की हिची हाडं दुखतात," इति काका. फॅमिली डॉक्टर म्हणत, "वयोमान!" मध्ये मूतखडा झाला, तर पाणी कमी पिते म्हणून तिनेच बोलणी खाल्ली. दुपारी थकून पडली, तर तो आळस.

मग तिची दाढ दुखली. दाढदुखीला आपल्याकडे मान आहे, कारण सुजलेला गाल चारचौघांना दिसतो. मी तिला दातांच्या दवाखान्यात नेले. हनुवटी टेकवून उभे केले, यंत्र डोक्याभोवती फिरले आणि अख्खा जबडा एका फोटोत आला. जर्मनीत 1896 मध्ये ऑटो वॉल्खॉफ यांनी दातांचा पहिला क्ष-किरण फोटो काढला, तेव्हा 25 मिनिटे तोंड धरून बसावे लागले होते. मावशी 25 मिनिटे गप्प बसती, तर काकांनी पेढे वाटले असते.

डॉक्टरीणबाई फोटोकडे बघतच राहिल्या. "काकू, दाढेचं बघू आपण. पण तुमची हाडं दुखतात का हो?"

मावशीच्या डोळ्यांत पाणी आले. दोन वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. सगळ्यांनी नुसती उत्तरे दिली होती.

दाताच्या मुळाभोवती फोटोत एक बारीक पांढरी रेघ दिसते. मावशीच्या फोटोत ती जागोजाग पुसली होती. खालच्या जबड्याची कडही पातळ. गळ्यात थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. रक्तातल्या कॅल्शियमचा जमाखर्च त्यांच्याकडे. एखादी माजली, की ती हाडांच्या बँकेतून कॅल्शियम काढून रक्तात ओतत सुटते. हाडे कंगाल, मूत्रपिंडात खडे आणि माणूस गळालेला! या ग्रंथी प्रथम सापडल्या त्याही गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला भारतीय गेंडा 1849 मध्ये मेला, त्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना. माणसातल्या ग्रंथींचे वर्णन छापून यायला 1880 उजाडले.

"फोटोवरून रोग ठरत नाही, संशय येतो," बाईंनी बजावले. "आणि रेघ शाबूत असली म्हणजे रोग नाही, असंही नाही. रक्त तपासून घ्या."

रक्तात कॅल्शियम जास्त, त्या ग्रंथीचा हार्मोनही जास्त. हाडांची घनता मोजली, ती कमी. चारांतली एक ग्रंथी फुगली होती. शस्त्रक्रिया करून ती काढली. हाडे भरून यायला वेळ लागतो, पण मावशीची दुपारची मरगळ गेली.

तो फोटो तिने जपून ठेवला आहे. घरात कोणी कोणाच्या दुखण्याला 'वयोमान' म्हणाले, की ती तो खिडकीच्या उजेडात धरते. हल्ली पाहुणे यायचे म्हटले, की काका निमूटपणे स्वतःच चहाचे आधण ठेवतात.