नाकातला वारा

उधना, सुरत

प्रिय मंजू,

तुझं पत्र मिळालं. मेलबर्नच्या थंडीत एक ना एक नाकपुडी सतत चोंदलेली असते, म्हणून तू डॉक्टर बदलायला निघालीस! अगं, सर्दी नसली तरी असं होतंच. तुझं, माझं, बहुतेक सगळ्यांचं. नाकात दोन्ही बाजूंना मांसल घड्या असतात, त्यांत रक्त भरलं की त्या फुगतात. एकीकडच्या फुगल्या की दुसरीकडच्या ओसरतात आणि काही तासांनी पाळी बदलते. रिचर्ड कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९५ साली हे लिहून ठेवलं. आपल्या स्वरशास्त्रवाल्यांना तर ते फार आधीपासून ठाऊक होतं. माझी आजी नाकाखाली बोट धरून कोणता स्वर, म्हणजे कोणती नाकपुडी, चालू आहे ते बघायची. उजवा असेल तर जेवायला बसावं म्हणायची. निरीक्षण पक्कं होतं. त्यावर रचलेलं शुभाशुभ मात्र मला कधी पटलं नाही.

पण या पाळीचा वासाशी संबंध आहे, हे वाचलं तेव्हा मी चाटच पडले. नोआम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग छापला. पुदिन्यासारख्या वासाचं कार्व्होन आणि पेट्रोलची आठवण करून देणारं ऑक्टेन निम्मं निम्मं मिसळलं आणि लोकांना एकेका नाकपुडीने हुंगायला दिलं. मोकळ्या नाकपुडीला त्यात पुदिना जास्त वाटला, चोंदलेलीला ऑक्टेन! कारण गमतीचं आहे. कार्व्होन नाकातल्या ओलाव्यात चटकन विरघळतं. हवा संथ असेल तर ते दाराशीच अडकून बसतं, जोरात असेल तरच आतपर्यंत पसरतं. ऑक्टेन विरघळायला वेळ घेतं, त्याला संथ हवाच मानवते. म्हणजे एकाच क्षणी तुझ्या दोन नाकपुड्या मेंदूला दोन वेगळ्या बातम्या देत असतात. तुझी ती चोंदलेली बिचारी रिकामटेकडी नाही, तिच्या वाट्याचं काम वेगळं आहे.

आणि नाकावरचं असं संशोधन आपल्या पुण्यातही चाललंय बरं का. पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत निक्सन अब्राहम यांची प्रयोगशाळा आहे, तिथे उंदरांची नाकं अभ्यासतात. त्यांनी दाखवलं की उंदीर नाकाने नुसता वास घेत नाही, त्याची घ्राणयंत्रणा हवेच्या झोताचा वेगही ओळखते आणि दोन वेगांतला फरक तो शिकू शकतो. त्याआधी २००६ मध्ये बेंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधनसंस्थेत राघव राजन, जेम्स क्लेमेंट आणि उपिंदर भल्ला यांनी सिद्ध केलं होतं की वास डावीकडून आला की उजवीकडून, हे उंदराला एका हुंगण्यात कळतं. इतकी वर्षं आपण उंदराला नुसता उपद्रवी समजत आलो.

कोविडमध्ये अब्राहम यांच्याच गटाने माणसांच्या नाकाचं मोजमाप केलं. मोजून मापून वास सोडणारं यंत्र केलं आणि लक्षणं नसलेल्या कोविडबाधितांना दहा वास हुंगायला दिले. त्यांतल्या ८२ टक्के जणांच्या घ्राणशक्तीत उणीव निघाली. खोकला नाही, ताप नाही, आणि नाक अधू! डोळ्यांना नंबर लागला की आपल्याला कळतं, नाकाचं कोण तपासतं? मला तर वाटतं, शाळेत डोळे तपासतात तसं नाकही तपासावं.

आता तू म्हणशील, सुरतेत बसून हिला पुण्याच्या उंदरांचं काय! अगं, सुरतेत बसूनच तर सुचतं. पांडेसऱ्याच्या मिलांवरून वारा आला की रंगाचा, वाफेचा एक उग्र दर्प घरात शिरतो. पाहुणे नाक मुरडतात, आम्हाला दहा मिनिटांनी काही नसतं. घ्राणेंद्रिय तोच तो वास सांगायला कंटाळतं. हे सोयीचं आहे आणि धोक्याचंही, कारण वास जाणवेनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नव्हे. मिलमध्ये वर्षानुवर्षं काम केलेली आपली खानदेशी मंडळी ‘काही वास नाही’ म्हणतात तेव्हा मला त्यांच्या नाकापेक्षा मोजणाऱ्या यंत्रावर विश्वास ठेवावासा वाटतो.

बरं, चांगले वासही आहेत. चांदनी पडव्याच्या सणाला घारी या मिठाईच्या तुपाने गल्ल्या घमघमतात. हिवाळ्यात पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडा येतो, उंधियूची भाजी येते. मागे सर्दीत उंधियू खाल्ला तर नुसतं तेल आणि तिखट कळलं. खाताना श्वास सोडला की वासाची हवा घशामागून वर नाकात चढते, तोच आपल्या जिभेचा अर्धा थाट. नाक बंद तर वाट बंद. विश्वास बसत नसेल तर नाक चिमटीत धरून बडीशेप चाव, नंतर सोड.

झोपताना कूस बदलून बघ: खालची नाकपुडी चोंदते, वरची मोकळी होते. तोवर डॉक्टर बदलू नकोस. पण दोन्ही एकदम बंद राहत असतील किंवा पाळी न बदलता नेहमी तीच एक बंद असेल, तर मात्र लगेच जा, आणि तो काय म्हणाला ते सविस्तर कळव. पोंकाचा हंगाम हिवाळ्यापुरताच असतो, तिकिटं बघायला आत्ताच लाग.

तुझी,
शैला