परतीची तार

जुन्या घरात विजेवर चालणाऱ्या दोन वस्तू एकमेकींना त्रास देतात अशी तक्रार आली, की दोष त्या वस्तूंतच आहे असे धरून चालले जाते आणि पुष्कळदा तपास तेथेच भरकटतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दर सेकंदाला १०० वेळा प्रवाह कापतो, त्यामुळे मध्यम लहरींवरील आकाशवाणी पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्‌झचे प्रक्षेपण करकरते, हे खरे; एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज करून देणारे आतले सर्किट, हलक्या प्रतीचा असला तर तोही तसाच उपद्रव देतो. परंतु वस्तू बदलली की ही दुखणी मिटतात आणि त्यांसाठी अनुभवी तारतंत्र्याची गरज नसते. बदलता येत नाही ती परतीची तार, अर्थात न्यूट्रल.

पुण्याच्या पेठांतील ज्या वाड्यांत भावाभावांच्या वाटण्या होऊन मजल्यागणिक मीटर वेगळे झाले, पण जिना सामाईक राहिला, तेथे हा दोष विशेष संभवतो. जिन्यातल्या दिव्याचा फेज खालच्या मजल्यावरून आणि न्यूट्रल, तार वाचावी म्हणून, वरच्या मजल्यावरून घेतलेला असतो. पुढे केव्हातरी सागवानी पट्टीवरचे वायरिंग दुरुस्त करताना दोन्ही मजल्यांचे न्यूट्रल जिन्यातल्या दिव्याच्या जोडपेटीत एकत्र पिळले जातात. एरवी फेज आणि न्यूट्रल शेजारून धावत असल्याने जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना जवळपास पुसून टाकतात. येथे मात्र २ किलोवॅटच्या गिझरचा साधारण ९ अँपिअरचा प्रवाह एका मजल्याने जातो, त्यातला काही भाग दुसऱ्या मजल्याने परततो, आणि जिन्याभोवती घराएवढा वेढा तयार होऊन त्याच्या टापूतल्या ॲम्प्लिफायरमध्ये ५० हर्ट्‌झची घूंघूं उमटू शकते. ॲम्प्लिफायर दुरुस्तीला जातो, निर्दोष ठरून परत येतो आणि सकाळी कोणी आंघोळीला गेले की पुन्हा घुमू लागतो.

याहून हट्टी प्रकार पावसाळ्यात दिसतो. ओल धरलेल्या भिंतीत जुन्या तारेचे रबर भुगा होऊन न्यूट्रल अर्थिंगला टेकतो, तेव्हा फ्यूज उडत नाही, दिवे मंदावत नाहीत, आणि आरसीसीबी, म्हणजे फेज व न्यूट्रल यांच्या प्रवाहांतील फरक ओळखून ३० मिलिअँपिअरच्या आतच पुरवठा तोडणारे उपकरण, भलत्याच वेळी, भलत्याच खोलीतल्या इस्त्रीमुळे पडते. एकेक एमसीबी खाली करून दोष हुडकण्याची नेहमीची रीत येथे उपयोगी पडत नाही, कारण एकेरी एमसीबी केवळ फेज तोडतो. बंद केलेल्या खोलीचा न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि दोषही चालूच राहतो. या एका गोष्टीवर अडून बसलेले तारतंत्री थोडे नाहीत. पुरवठा पूर्ण बंद करून, सर्व उपकरणे व दिवे काढून, न्यूट्रल लिंकवरची प्रत्येक तार सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने तिचा अर्थिंगशी असलेला रोध मोजणे, एवढाच मार्ग उरतो, आणि तो कंटाळवाणा असल्यामुळे टाळला जातो.

जिन्यातला वेढा शोधण्यासाठी प्रस्तुत लेखकाची भिस्त दीर्घकाळ कानावर होती. हातात ट्रान्झिस्टर घेऊन घरभर फिरावे, करकर रेग्युलेटरची की सैल जोडाची हे स्वरावरून ओळखावे, आणि घरच्या मंडळींनी थक्क होऊन पाहावे, यात निदानापेक्षा प्रदर्शनाचा भाग मोठा होता हे मान्य केले पाहिजे. वयाबरोबर वरचे स्वर आधी गेले. सैल जोडाची बारीक तडतड त्यांच्यातच असते. हाताखालच्या तरुणाने क्लॅम्प मीटरचा जबडा फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांभोवती एकत्र मिटवून, बेरीज शून्य येत नाही हे दाखवत तेच काम निमूटपणे उरकावे, हे सुखाचे नव्हते. पुढे लाजत वापरायला घेतलेल्या श्रवणयंत्राची टेलिकॉइल, म्हणजे चुंबकीय क्षेत्र थेट टिपणारी त्यातली बारीक गुंडाळी, अशा वेढ्यात घुमते हे कळल्यावर ते यंत्र लपवण्याचे सोडून मिरवण्याचे झाले. मीटर अधिक अचूक आहे. तरीही तरुणाने तो बाहेर काढण्याआधी जिन्याची एक फेरी कानाने व्हावी असा आग्रह टिकून आहे, आणि त्याचे समर्थन करणे अवघड आहे.

मेगर नसलेला वायरमन आता दुर्मीळ राहिलेला नाही, आणि फॉल्स सीलिंगवाल्यांनी जोड कायमचे झाकून टाकल्याने ज्याच्याकडे तो आहे त्याचेही हात बांधले जातात. इन्व्हर्टर बसवणारे तर फेज वेगळा ओढून न्यूट्रल दिसेल तेथून उचलतात आणि आरसीसीबी पडू लागला की तोच ‘खराब’ ठरवून काढून टाकतात. घूंघूं थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची जाड पिन कापण्याचा उपाय त्याहून वाईट आहे, कारण त्याने आवाज काही वेळा खरोखर थांबतो आणि उपकरणाचा धातूचा सांगाडा मात्र संरक्षणाविना उरतो. असा उपाय सुचवणाऱ्याला, तो कितीही स्वस्तात येत असला तरी, घराच्या मीटरला हात लावू देऊ नये.