घोडा का अडला?

मित्रांनो, एक जुनं कोडं तुम्ही आजीच्या तोंडून ऐकलं असेलच. घोडा का अडला? भाकरी का करपली? विड्याची पानं का सडली? तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच : न फिरवल्यामुळे! भाकरी तव्यावर फिरवली नाही तर करपते. पानं उलटीपालटी केली नाहीत तर सडतात. आणि घोडा रोज फिरवला नाही तर त्याचे पाय आखडतात.

हे कोडं ज्यानं कुणी रचलं, त्यानं घोडा अगदी जवळून पाहिला असणार. पण त्याच्या उत्तरात मला थोडी भर घालायची आहे. घोडा नुसता फिरवून भागत नाही. त्याच्या अंगावरून रोज हातही फिरवावा लागतो. का, ते सांगते.

माझे मामा माथेरानला घोडे चालवायचे. माथेरान म्हणजे रायगड जिल्ह्यातलं, सुमारे ८०० मीटर उंचीवरचं गाव. पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे गर्द झाडी, लाल मातीच्या वाटा आणि घोड्यांच्या टापा. मामांकडे दोन तट्टं होती. मोती नावाचा तांबडा घोडा आणि चांदणी नावाची घोडी. चांदणीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून चांदणी. दर मे महिन्याच्या सुट्टीत मी मामांकडे जायची. रपेट मारायला मिळेल हीच मोठी ओढ! पण मामांचा नियम होता, "आधी खरारा, मग रपेट."

खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासूनपुसून साफ करणं. ज्या लोखंडी दातेरी साधनानं ते करतात, त्यालाही खराराच म्हणतात. सकाळी सहाला मामा मोतीपाशी उभे राहत. पण थेट मागून कधीच जात नसत. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त अगदी शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं तेवढं दिसत नाही. तिथून कुणी अचानक आलं की तो दचकतो, आणि दचकला की लाथ झाडतो. म्हणून नेहमी खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जायचं. "काय मोतीराव, झोप झाली का?" असं मामा विचारत, आणि मोती कान त्यांच्याकडे वळवी.

मग मानेपासून सुरुवात. दातेरी खरारा गोल गोल फिरवून वाळलेला घाम आणि माती सुटी करायची, मग ब्रशनं केसांच्या दिशेनं झटकायची. जिथे कातडीखाली लगेच हाड लागतं, म्हणजे तोंडावर आणि गुडघ्याखाली, तिथे दातेरी खरारा लावायचा नाही. तिथे मऊ फडकं. आणि शेवटी नुसता उघडा तळहात मानेपासून शेपटीपर्यंत, पोटाखालून, चारही पायांवरून खुरापर्यंत फिरवायचा. या कामाला मामा सगळ्यात जास्त वेळ देत.

मी एकदा विचारलं, "मामा, अंग तर साफ झालं, आता काय शोधताय?"

"काल नव्हतं ते शोधतोय," मामा म्हणाले.

गंमत बघा. कुत्र्याला लागलं तर तो केकाटतो. मांजर गुरगुरतं. घोडा मात्र दुखणं लपवतो. रानात राहणाऱ्या त्याच्या पूर्वजांवर वाघ-लांडग्यांचा डोळा असे, आणि लंगडणारा घोडा आधी सापडायचा. म्हणून दुखत असलं तरी गप्प उभं राहायचं, हे त्याच्या रक्तात उतरलं आहे. तो सांगत नाही, म्हणून आपणच हातानं विचारायचं. कुठे गरम लागतंय? कुठे सूज आहे? कुठे हात लावताच कातडी थरथरते? रोज हात फिरवणाऱ्यालाच कालचा आणि आजचा फरक कळतो.

आता खुरांकडे वळू. तुम्ही मधल्या बोटाच्या टोकावर उभे राहून दिवसभर चालाल का? घोडा तेच करतो! त्याचा प्रत्येक पाय म्हणजे एकच मोठं बोट, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं जाडजूड नख. आपल्या नखासारखं तेही वाढतं, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येतो, जुना नाल काढतो, वाढलेलं खूर कापून तासतो आणि नाल पुन्हा ठोकतो. नखातून खिळा जाताना दुखत नाही, कारण त्या भागात आपल्या नखाच्या टोकासारखीच जाणीव नसते. पण खिळा जरा आत सरकला, तर घोडा लंगडलाच.

खुराच्या तळाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखा एक मऊसर भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत खडे, लीद, चिखल अडकतो. तो वाकड्या आकड्यानं रोज काढावा लागतो, टाचेकडून टोकाकडे. नाही काढला, तर ओलाव्यानं तिथे कुज धरते. काळा चिकट स्राव येतो आणि असा वास सुटतो की नाक दाबावं लागतं. पावसाळ्यात हे दुखणं हमखास. उपाय साधाच : खूर साफ ठेवायचं, कोरडं ठेवायचं आणि उभं राहायची जागा ओली राहू द्यायची नाही. मात्र खुरात खिळा घुसला किंवा खोल जखम झाली, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. त्याची लस वेळेवर टोचून घ्यायची आणि डॉक्टरांना बोलवायचं.

दुसरी काळजी पोटाची. एवढा थोरला प्राणी, पण त्याचं जठर लहान. मोठ्या घोड्याचंसुद्धा ८ ते १५ लिटरचं! गाईच्या पोटातल्या एकट्या मोठ्या कप्प्यात १०० लिटरहून जास्त मावतं. म्हणून घोड्याला थोडं थोडं, पण दिवसभर खायला लागतं. ३०० किलोच्या तट्टाला दिवसाला साधारण ५ ते ६ किलो कोरडा चारा हवा, आणि २० लिटरच्या आसपास पाणी. उन्हात काम असेल तर आणखी जास्त. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. पोटात काही बिघडलं तर ते वर येऊ शकत नाही. त्यामुळे एकदम जास्त धान्य खाल्लं, चारा अचानक बदलला किंवा पाणी कमी पडलं, की पोटात कळा सुरू होतात. घोडा चारा सोडतो, सारखा वळून कुशीकडे बघतो, पुढच्या पायानं जमीन उकरतो, लोळतो, लीद टाकत नाही. असं दिसलं की पुढ्यातला चारा काढून घ्यायचा आणि ताबडतोब डॉक्टर. दुपारपर्यंत वाट बघू, असं म्हणायचं नाही. पोटदुखीनं घोडे दगावतात.

चाऱ्यावरून आठवलं. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना एक पत्र लिहिलं होतं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-चारा आताच वाटेल तसा उधळलात, तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं त्यांनी बजावलं आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात नेतील आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतकं बारीकही त्यांनी लिहून ठेवलं. मामांच्या घरीही हेच चित्र असे. उन्हाळ्याचा मोसम संपला की कमाई जवळजवळ थांबे, पण घोड्यांची तोंडं थांबत नसत. दोन महिन्यांच्या कमाईवर पावसाळा काढायचा असे. पुढे जे सांगणार आहे, त्यासाठी हे लक्षात ठेवा.

आता मालिश. घोड्याला कसली मालिश, असं म्हणाल! पण एक ऐका. आपला हात खांद्याला हाडांनी जोडलेला असतो. गळ्याखालचं हाड चाचपून बघा. घोड्याला ते हाडच नाही. त्याचे पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात, आणि त्या स्नायूंच्या झोळीत त्याचं धड तोललेलं असतं. त्यावर पुन्हा खोगीर आणि माणूस! चढ-उतार करून संध्याकाळपर्यंत खांदे, मान आणि पाठ आखडून जाते.

संध्याकाळी मामा खोगीर उतरवत. आधी घोड्याला सावकाश चालवून घाम वाळू देत, पाणी पाजत, मग रगडायला घेत. पहिल्यांदा तळहातानं लांब, संथ हात, केसांच्या दिशेनं. मग बोटांच्या पेरांनी मानेवर आणि खांद्यावर छोटे गोल, हळूहळू जोर वाढवत. कण्याच्या हाडावर कधीच दाबायचं नाही. त्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर फक्त. आणि डोळे घोड्याच्या तोंडाकडे हवेत. त्यानं मान खाली सोडली, डोळे अर्धवट मिटले, खालचा ओठ लोंबू लागला, जांभई दिली, की समजावं, बरं वाटतंय. कान मागे पडले, शेपटी फटकारली, अंग चोरलं, तर हात लगेच हलका करायचा. ताप असेल, जखम असेल, कुठे गरम सूज असेल किंवा घोडा लंगडत असेल, तर मालिश बंद. आधी डॉक्टर.

मानेच्या शेवटी, खोगिराच्या पुढे जो उंचवटा असतो, तिथे खाजवलं की चांदणी अगदी विरघळून जायची. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग भागातल्या घोड्यांवर केलेला एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. या जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असं त्यात दिसलं. मामांनी तो अभ्यास वाचलेला नव्हता, पण त्यांच्या बोटांना ते ठाऊक होतं.

आता १९९४ च्या मे महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ, गर्दीचा दिवस. खरारा झाल्यावर मामांचा हात चांदणीच्या पाठीवर डाव्या बाजूला थांबला. "इथे हात ठेव बघू," ते मला म्हणाले. पुरीएवढा भाग भोवतालपेक्षा गरम होता. जरासं दाबलं तर तिची कातडी थरथरली आणि कान मागे गेले. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. केस जागच्या जागी, ना जखम, ना ओरखडा.

मामांनी खोगिराखालची गादी उलटी केली. आतला कापूस एका जागी गोळा होऊन त्याची गाठ झाली होती. तीच दिवसभर पाठीत रुतत होती.

तेवढ्यात आदल्या दिवशी ठरवून गेलेलं गिऱ्हाईक आलं. मामांनी सांगितलं, एकच घोडा मिळेल. ते गृहस्थ चांदणीकडे बघून म्हणाले, "अहो, घोडी तर ठणठणीत दिसतेय! दुप्पट पैसे देतो."

मामा म्हणाले, "साहेब, आज ती चालेलसुद्धा. पण आज खोगीर घातलं तर उद्या कातडं फाटेल, आणि मग महिनाभर उभी राहील. आणि महिन्याचं सोडा, तिला दुखतंय हो."

गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. मामांनी गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, डॉक्टरांना दाखवलं. मामींनी गादी उसवली, कापूस पिंजून सारखा भरला आणि पुन्हा शिवली. चांदणी आठ दिवस खोगिराशिवाय राहिली; मी तिला नुसती दोरी धरून सावकाश फिरवून आणायची. ऐन मोसमातले आठ दिवस! मोतीवर दुप्पट काम टाकायलाही मामा तयार नव्हते. माझ्या मामेभावाला त्या जूनमध्ये नवं दप्तर घेणार होते. तो जुनंच दप्तर घेऊन शाळेत गेला. थोडा रुसला होता, पण रोज सकाळी चांदणीच्या पाठीवर हात ठेवून बघायला तोच सगळ्यांच्या आधी धावायचा. नवव्या दिवशी ती जागा थंड लागली, तेव्हा ओरडत घरात आला तोही तोच.

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांच्या घरी घोडा असेल. पण सहलीला गेल्यावर, समुद्रावर किंवा जत्रेत तुम्ही घोड्यावर बसताच. बसण्याआधी मिनिटभर त्याच्याकडे बघा. चालताना तो मान खालीवर झटकतोय का? तसं असेल तर पाय दुखत असेल. खोगिराच्या कडेला आणि पोटाखालच्या तंगाजवळ केस झडलेत का, जखम आहे का? बरगड्या मोजता येतात का? डोळे आणि नाक स्वच्छ आहेत का? यांतलं काही खटकलं, तर त्या घोड्यावर बसू नका, आणि आईबाबांनाही बसू देऊ नका. घोडेवाल्याशी भांडायची गरज नाही. का बसत नाही, तेवढं नीट शब्दांत सांगा.

आणि सगळं ठीक असेल, तर खांद्याच्या बाजूनं जवळ जा आणि घोडेवाल्याला विचारा, "काका, याचं नाव काय?" नाव सांगताना त्यांचा हात आपसूक घोड्याच्या मानेवर जातो का, तेवढं बघा. गेला, तर खुशाल रिकिबीत पाय ठेवा!